सरळ नजरेच्या अकरा

बाबांच्या पलंगाला सायकलची घंटी बसवलेली होती. एकदा वाजली तर पाणी, दोनदा वाजली तर भांडं, आणि थांबायचं नावच घेत नसली तर नुसतं कुणीतरी जवळ यावं म्हणून. पक्षाघातात बाबांची वाचा गेली तेव्हा ही शक्कल आत्यानेच काढली होती. "मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणतात," वहिनी म्हणायची, "आमच्या वन्संनी ती स्वतःच्याच गळ्यात बांधून घेतली." म्हणायची हसून, पण खोटं नव्हतं. त्या घंटीला आता आठ वर्षं झाली होती आणि आठ वर्षांत आत्या घरापासून घंटी ऐकू येणार नाही इतकी लांब क्वचितच गेली होती.

ती आत्या होती एकाच मुलीची, पण त्या एका नात्यावर दूधवाल्यापासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. वय चौपन्न. लग्नाचं जमता जमता राहिलं, आणि मग राहूनच गेलं. तिची खाट बाबांच्याच खोलीत होती, लोखंडी कपाट आडवं लावून केलेल्या आडोशाला. कपाटाची पाठ बाबांकडे आणि दारं तिच्याकडे. त्या दारांआड, कपड्यांच्या वरच्या फळीवर, अकरा बाहुल्या उभ्या होत्या.

खेळण्यातल्या गुबगुबीत बाळांसारख्या नव्हत्या त्या. वीतभर उंच, मुठीत मावेल अशी कंबर, गुडघ्यात वाकणारे पाय आणि अंगावर त्या काळच्या फॅशनचे कपडे. गावाबाहेरच्या कारखान्यात एकेकाळी त्या हजारांनी बनत. पुढे कारखाना बंद पडला, आणि ज्या बाहुल्या पोरींनी केस कापून, हात उपटून टाकून दिल्या होत्या त्याच लोक शोधायला लागले. त्यातही ज्यांच्यात कारखान्यातच काही वेगळं झालेलं असेल, एखादीचा पट्टा चुकीच्या रंगाचा, एखादीचा भांग उलट्या बाजूला, त्यांच्यासाठी संग्राहक जीव टाकत. आत्याच्या अकरा अशाच होत्या. त्या कंपनीच्या झाडून सगळ्या बाहुल्या डावीकडे तिरकं बघत. या अकरा सरळ बघत होत्या.

त्या सरळ का बघतात हे जगात एकट्या आत्याला माहीत होतं, कारण ते डोळे तिनेच काढले होते.

एकोणीस वर्षं ती चेहऱ्याच्या टेबलावर होती. बाहुलीचं डोकं लाकडी खुंटीवर बसवायचं, त्यावर पत्र्याचा मुखवटा घट्ट दाबायचा, भोकांतून रंगाचा फवारा मारायचा, मुखवटा काढायचा की डोळे तयार. माणसाचा हात चेहऱ्याला लागे तो एखादा फवारा बिघडला तर नीट करण्यापुरताच. एक दिवस डोळ्यांचा मुखवटा तडकला आणि माल तर दुसऱ्या दिवशी जायचा होता. मुकादम म्हणाला, "हाताने काढ. तुझा हात बरा आहे."

तिने तिरकी नजर काढायचा प्रयत्न केला. पहिल्या चारही चकण्या झाल्या. शेजारची केस शिवणारी त्यातलं एक डोकं उचलून म्हणाली, "हिचा नवरा कुठं पळाला ते शोधतीये वाटतं." सगळं टेबल हसलं. मग आत्याने सरळ बघणारे डोळे काढायला घेतले, आणि ते मात्र बघता बघता जमले. खुंटीवर डोकं हवं तसं वळेना, म्हणून तिने ते डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर टोपीसारखं चढवलं. कुंचल्याला टोक यावं म्हणून जादाचा रंग ती त्याच बोटावर पुसे आणि तेच बोट पुढच्या डोक्यात घाली. "बाहुलीच्या डोक्यात काय असतं गं?" केस शिवणारी विचारी, आणि सगळ्याजणी म्हणत, "हिचं बोट."

तीनशे डोकी झाली. तिसऱ्या दिवशी मालकांच्या मुलाने एक पाहिली आणि सगळा माल वितळवायचा हुकूम सोडला. पण निम्म्या पेट्या तोवर गेल्या होत्या. मुकादमाने ते लपवलं, माल नष्ट केल्याचा कागद केला आणि खाली चेहऱ्याच्या टेबलाची सही लागत होती म्हणून आत्याने सही केली. म्हणजे कागदोपत्री त्या बाहुल्या नव्हत्याच. पुढे जुन्या बाजारात, भंगारात, कुणाच्या माळ्यावर एकेक सापडत गेली तशी तिने ती घरी आणली. का, ते तिला कुणी विचारलं नाही. बाहेरच्या जगात सरळ बघत गेलेल्यांपैकी जितक्या परत येतील तितक्या याव्यात, एवढंच तिला वाटे.

भाचीने एकदा सहज त्यांचा फोटो इंटरनेटवर टाकला, आणि दातांच्या डॉक्टरांचं पत्र आलं.

डॉक्टर निवृत्त होते आणि दूरच्या शहरात काही हौशी लोकांनी मिळून उभारलेल्या बाहुल्यांच्या संग्रहालयाचे कारभारी होते. तिथे सांभाळणारं माणूस हवं होतं. धूळ पुसणं, कपडे शिवणं, केस विंचरणं. राहायला वरच्या मजल्यावर एक खोली. "बाहुल्या तपासायला येतो," त्यांनी लिहिलं होतं, "खऱ्या निघाल्या तर तुम्ही बाहुल्यांसकट या. यांना ओळखणारं माणूस आम्हाला दुसरं मिळायचं नाही."

आत्याने ते पत्र चारदा वाचलं. खोली. एका माणसाची. दादाही म्हणाला, "नोकरी पक्की झाली तर बाबांसाठी बाई ठेवू." हा 'तर' त्याने हळू म्हटला होता, पण आत्याला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तिने खाटेखालची बॅग काढून तिची चेन चालते का पाहिलं. चालत होती.

डॉक्टर आले ते सकाळी. उंच, वाकलेले, समोरच्याच्या तोंडात बघायची सवय लागलेले. जेवणाच्या टेबलावर आत्याने धुतलेली चादर अंथरली आणि अकराजणींना ओळीने निजवलं. "वा," डॉक्टर एवढंच म्हणाले, आणि भिंग काढून खाली वाकले. वहिनीने चहा आणून ठेवला. तो निवला तरी ते वर बघेनात.

मग त्यांनी खिडकी लावून घेतली आणि एक छोटा जांभळा दिवा पेटवला. सहा बाहुल्यांचे डोळे त्यात गडदच राहिले. सातवीचा डावा डोळा मात्र काजव्यासारखा चमकला.

"हा रंग नवीन आहे," डॉक्टर म्हणाले.

"हो," आत्या म्हणाली. "भंगारात मिळाली तेव्हा तो डोळा उडालेला होता. दोन वर्षांमागे काढला मी."

"तुम्ही काढलात."

"उडाला होता ना. मग नीट केला."

तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. टेबलावर एखादा डोळा बिघडला तर तो नीट करायचा असतो. एकोणीस वर्षं तेच काम होतं. तो मूळचा राहत नाही, हे संग्राहकांचं शास्त्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरांनी भिंग सातवीच्या नव्या डोळ्यावर नेलं, मग जुन्या डोळ्यावर, मग शेजारचीच्या. बराच वेळ ते या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिले. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"आत्याबाई, वाईट वाटून घेऊ नका. पापणीचा फटकारा खालून वर, शेवटी जरासा मोडलेला. नव्या डोळ्यात तोच आणि बाकीच्या एकवीस डोळ्यांतही तोच. हात एकच आहे."

"एकच आहे. माझाच."

"तेच म्हणतोय मी. सगळ्याच नंतर रंगवलेल्या आहेत. बाकीच्यांना जुना रंग मिळवलात, एवढंच."

"आत्या खोटं नाही बोलत," भाची म्हणाली.

आत्याने मुखवटा तडकल्याचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतून एका कागदाची प्रत काढली. कारखाना विकला गेला तेव्हाच्या रद्दीतून ती त्यांना मिळाली होती. तीनशे नग, सदोष नजर, वितळवून नष्ट. खाली आत्याची सही.

"ही सही तुमची?"

"माझी."

"मग यातलं खरं काय?"

"मी तुमच्यासमोर एक काढून दाखवते," आत्या म्हणाली. "कुंचला आहे माझ्याकडे. हुबेहूब काढते."

"काढाल हो," डॉक्टर म्हणाले, जवळजवळ मायेने. "पण जितकी हुबेहूब काढाल तितकं माझंच म्हणणं खरं ठरेल."

घंटी दोनदा वाजली. आत्या गेली, भांडं दिलं, वाट पाहिली, भांडं धुतलं, हात धुतले. हात पुसताना तिची नजर आपल्या डाव्या बोटावर गेली आणि ती तिथेच थांबली.

बाहेर येऊन तिने ओळीतली पहिली बाहुली उचलली. हिरव्या कोटाची, एकही ओरखडा नसलेली, अकरांत सगळ्यात चांगली. "रंग देताना माझं बोट डोक्याच्या आत असायचं," ती म्हणाली. "रंगाचं. डोकं धडाला जोडल्यावर आत बोट घालता येतं का कुणाला?"

डॉक्टर उभे राहिले. "थांबा. मान काढू नका. या कंपनीच्या मानेत आतून आकडा आहे, एकदा बसली की बसली. गरम पाण्यानेही सुटत नाही. तडकेल."

"माहीत आहे. जोडणारी माझ्याच मागे बसायची."

तिने ओढलं. टच असा आवाज झाला, बोट मोडावं तसा. मानेचा अर्धा तुकडा चादरीवर पडला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिने तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा गोल आरसा काढला आणि उजेड धरून त्या पोकळ डोक्यात घातला. आत शिवलेल्या केसांच्या टाक्यांच्या रांगा होत्या, आणि कपाळाच्या मागे, टाक्यांच्या खालीच, तपकिरी ठसा. बोटाच्या रेघा मोजता येतील इतका स्वच्छ. त्यांनी जांभळा दिवा लावला. ठसा चमकला नाही.

"जुना आहे," ते म्हणाले, आणि मग खूप हळू, "म्हणजे त्या तुम्ही. मला वाटायचं, कुणी मोठ्या कारागिराने गुपचूप करून पाहिलेला नमुना असेल."

"मुखवटा तडकला होता," आत्या म्हणाली.

भाचीने टाळी वाजवली. वहिनी म्हणाली, "मग झालं तर. केव्हा निघायचं वन्संनी?" आणि तिच्या आवाजात उपरोध नव्हता, उलट थोडा घाबराच होता तो. घंटीला आता कोण धावणार, हे तिला तेव्हाच उमगलं असावं.

डॉक्टरांनी आरसा रुमालाने पुसला, एकदा, दोनदा.

"आत्याबाई, संग्रहाचं एक असतं. सांभाळणाऱ्याचा हात वस्तूवर कुठे पडला ते ओळखता आलं पाहिजे. दुसऱ्या कुणी डोळ्याला हात लावला तर मी भिंगातून पकडेन. तुम्ही लावलात, आणि जुना रंग मिळाला तुम्हाला, तर कुणालाच कळणार नाही. मलासुद्धा."

"मी सांगेन की."

"सातवीचं सांगितलं नव्हतंत."

आत्याने चादरीची एक सुरकुती हाताने सारखी केली. तो डोळा तिने लपवला नव्हता. तिला तो सांगण्यासारखा वाटला नव्हता, आणि हेच तर ते म्हणत होते. ज्या हाताने आज तिला खरं ठरवलं त्याच हाताने दार लावून घेतलं होतं.

"बाहुल्या मात्र द्या," डॉक्टर म्हणाले. "तिथे काचेचं कपाट आहे, ऊन नाही, धूळ नाही. पाटीवर तुमचं नाव लिहीन."

"काय लिहाल?"

"चेहरे हाताने रंगवणारी म्हणून."

आत्याने नऊजणींना जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलं. चेहरे उघडे ठेवले, डॉक्टरांनी झाकायला सांगेपर्यंत. "न्या," ती म्हणाली. "कुणीतरी निघू दे या घरातून." वहिनी हे ऐकून आत गेली आणि भांड्यांचा आवाज करत राहिली. सातवी आणि मान मोडलेली, दोघी मागे राहिल्या. डॉक्टर दारात थांबून म्हणाले, "मला तुमचं खोटं निघालं असतं तर बरं वाटलं असतं." मग खोकं छातीशी धरून जिना उतरले.

घंटी वाजायला लागली. एकदा नाही, दोनदा नाही, थांबेचना.

आत्या आत गेली. जाताना नकळत तिने ते डोकं डाव्या बोटावर चढवलं होतं. ती पलंगाच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, कारण बाबांना तेवढीच बाजू दिसत असे. कारखान्यातल्या तिच्या नोकरीला बाबा जन्मभर 'बाहुल्यांचा खेळ' म्हणत आले होते. तिथे ती काय करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"हे डोळे मी काढलेत, बाबा," ती म्हणाली आणि बोट त्यांच्यासमोर धरलं.

बाबांनी पाहिलं. बाहुलीनेही त्यांच्याकडे सरळ पाहिलं. बाबांचा चांगला हात पांघरुणावरून सरकत घंटीपर्यंत गेला आणि तिथे जरा घुटमळला.

घंटी एकदा वाजली.

आत्याने डोकं बोटावरून काढून उशाशी ठेवलं आणि ती पाणी आणायला गेली.