उंबराखालची खडस

आमच्या चांदीप गावाच्या वरच्या अंगाला, जिथे नदी खडकांतून वळते, तिथे एक डोह आहे. काठावरचं उंबराचं झाड पाण्यावर झुकलेलं आहे आणि उन्हाळ्यात पिकलेली उंबरं सरळ पाण्यात पडतात. त्या झाडाखाली एक खडस राहायची. खडस म्हणजे गोड्या पाण्यातला मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा मासा. बाहेरचे लोक त्याला महाशीर म्हणतात. गळाला लागायला फार अवघड. काठावर माणसाची सावली पडली तरी तो कपारीत शिरतो, आणि लागलाच तर एका हिसक्यात तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तोडून जातो.

माझा बाबा सातिवलीला एका कारखान्याच्या गाळ्यात कामाला आहे. सुट्टी मिळाली की तो गळ घेऊन त्या डोहावर जायचा. मला आठवतं तेव्हापासून जातोय. बारीकसारीक मासे मिळायचे, आई त्यांचं कालवण करायची, पण बाबा त्या माशांबद्दल कधी बोलायचा नाही. निघताना खडसेचं नाव घ्यायचं नाही, असा त्याचा एक नेम होता. "जरा बघून येतो," एवढंच म्हणायचा.

"जा, जा," आई भाकरी थापता थापता म्हणायची. "माझी सवत वाट बघत असंल."

मी शाळेत असताना एकदा ती लागली होती. बाबाच्या तळहातात तंगूस रुतला, रक्त आलं, आणि मग तो तुटला. मला वाटलं, आता हा रडेल किंवा शिव्या देईल. तो खडकावर बसून हसायला लागला. "बघितलंस, बाय? कशी गेली!" म्हणाला. तेव्हापासून मला नीट सांगता येत नाही, की त्याला ती पकडायची होती की नुसती तिथे असायला हवी होती.

यंदा डोहावर टँकरवाल्यांनी पंप लावला. दर वर्षी उन्हाळ्यात पाणी कमी व्हायचंच, पण यंदा रोज नवी ओली रेघ खडकावर दिसायची, काल होती तिच्या खाली. खालचे दगड उघडे पडले. एका सकाळी मी आणि बाबा गेलो तर उंबराखाली कमरेएवढंच पाणी होतं, आणि त्यात ती दिसली. मी तिला पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. पाठ काळपट, बाजू पिवळ्या. हलत नव्हती, फक्त तोंड उघडत मिटत होती.

मी पंपावरच्या माणसाशी बोलायला गेले. खरं तर बाबाने मलाच पाठवलं. "तू कॉलेजात जातेस, तुझं ऐकंल," म्हणाला. तो माणूस चांगलं बोलला, तेच वाईट झालं. "ताई, तिकडे बिल्डिंगमध्ये लोक बादल्या घेऊन उभे असतात. एका माशासाठी बंद करू?" माझी एक मैत्रीण अशाच इमारतीत राहते. तिच्या घरी मी चहा प्यायले आहे, आणि तिच्या आईला भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालताना पाहिलं आहे. मी परत आले आणि बाबाला म्हटलं, "नाही म्हणाला."

मग बाबानेच ठरवलं. तिला काढायची आणि खालच्या बंधाऱ्यात सोडायची. तिथे पाणी अडवलेलं असतं, पावसापर्यंत टिकतं. माझा चुलत काका रिक्षा चालवतो. तो म्हणाला, "सगळा जन्म मारायला बघत होतास, आता वाचवायला बघतोस. तिला तरी काय कळंल?"

"तू रिक्षा आन, तोंड नको चालवू," बाबा म्हणाला.

आधी जाळं लावून पाहिलं. ती कपारीत गेली आणि जाळं दगडांत अडकून फाटलं. काकाने पाण्यात हात घालून चाचपलं, तर बोटं सोलवटून घेतली. घाई करायला हवी होती, कारण ती आता सगळ्यांनाच दिसत होती. "आज ना उद्या कोनीतरी पावडर टाकंल," काका म्हणाला. ब्लीचिंग पावडर टाकली की डोहातलं सगळंच मरून वर येतं.

राहिला गळच. बाबाने गळाचा उलटा काटा दगडावर घासून काढून टाकला, म्हणजे सोडवताना तिचं तोंड फाटणार नाही. असा गळ मासा कधीही झटकून टाकू शकतो. त्याला ते माहीत होतं. उंबर लावून तो पानांआड बसला, आणि ती उंबराकडे वळलीसुद्धा नाही. कामावरून सुटला की रोज तो येऊन बसायचा. ज्या सावधपणामुळे ती इतकी वर्षं टिकली, तोच आता तिला तिथे धरून ठेवत होता, आणि आम्ही तिला काही सांगू शकत नव्हतो.

"तुमच्या पुस्तकात काय दिलंय?" बाबाने एकदा विचारलं.

"बाबा, मी बीकॉमला आहे. त्यात मासे नसतात."

"काहीच नाय?"

त्याच्या आवाजात निराशा होती, टोमणा नव्हता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्याला वाटतं, तिथे सगळं एकाच ठिकाणी ठेवलेलं असतं. मग मी फोनवर शोधलं. इंग्रजीत होतं, अर्धं समजलं. त्यातलं एवढं धरून ठेवलं, की दमलेल्या माशाला प्रवाहाकडे तोंड करून धरायचं, आणि तो आपणहून जाईपर्यंत सोडायचं नाही.

रविवारी तिने उंबर घेतलं. काठीचं टोक वाकलं, बाबा उठला, पाय रोवून हिसक्याची वाट बघत उभा राहिला. हिसका आलाच नाही. बाबा ओढेल तशी ती आली, एखादी ओली फांदी येते तशी. बाबाचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्याच्या हातात ती होती आणि तो माझ्याकडे बघत होता.

"ओढत का नाय गो ही?"

आईने घरचं निळं पिंप रिकामं करून दिलं होतं. त्यात डोहाचं पाणी भरून तिला ठेवली. शेपटी बाहेर राहिली. काका खड्डे चुकवत रिक्षा हाकत होता. बाबाने पिंप दोन्ही हातांनी कवटाळलं होतं आणि मी तांब्याने तेच पाणी उंचावरून परत परत तिच्यावर ओतत होते, हवा मिळावी म्हणून. हे बरोबर होतं का, मला माहीत नाही. रस्त्यावर एक बाई म्हणाली, "केवढी हाय! विकनार का?" काकाने रिक्षा तशीच पुढे काढली.

बंधाऱ्यात बाबा छातीभर पाण्यात उतरला. तिला दोन हातांवर आडवी धरली. "आता?" त्याने विचारलं.

"प्रवाहाकडे तोंड कर."

"कुठाय प्रवाह?"

खरंच नव्हता. अडवलेलं पाणी होतं, पानंसुद्धा जागची हलत नव्हती. एवढं मी शोधलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तूच चाल. तिला पुढे पुढे ने, म्हणजे तोंडातून पाणी जाईल." तो चालायला लागला. काठाकाठाने, पाय चाचपत, वळून परत. मधूनच हात सैल करून बघायचा, ती एका अंगावर कलंडायची, तो पुन्हा धरायचा. सुरुवातीला तिचे कल्ले हलत होते. मी तिकडेच बघत होते.

"अजून?" तो विचारायचा.

"अजून थोडं."

मग कल्ले हलायचे थांबले. वाटलं, उन्हामुळे मला दिसत नसेल. मी वाकून पाहिलं. काकाने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्यालाही दिसलं होतं. इतके दिवस बाबाची थट्टा करणाऱ्या त्या माणसाने चपला काढल्या, खाकी पँट दुमडली आणि पाण्यात उतरला.

"दमलास तू. दे जरा, मी फिरवतो."

बाबाने दिली नाही. काका त्याच्या बाजूने चालायला लागला, खालच्या दगडांवरून तो घसरू नये म्हणून त्याचा दंड धरून. दोघं वळले, तेव्हा बाबाने पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"अजून, बाय?"

"अजून," मी म्हटलं.