शेख सरांनी मार्क न दिलेली गाडी

धाराशिवच्या बसस्थानकाबाहेर मी रिक्षात बसले, तर रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "बाई, शेख सरांचं कळलं का तुम्हाला?" तो आमच्याच शाळेतला जुना विद्यार्थी. पहाटेच गेले म्हणाला. मी भाजीची पिशवी मांडीवर घेतली आणि घराऐवजी सरांकडंच चल म्हटलं. या वयात अशा बातमीनं रडूही पटकन येत नाही, नुसता थकवा येतो...

सर चित्रकला शिकवायचे, मी विज्ञान. नोकरीची बहुतेक वर्षं आम्ही तुळजापूरच्या एकाच शाळेत काढली, धाराशिवहून एसटीनं जाऊन-येऊन. शाळा सुटली की भाविकांच्या गाड्या लागतात त्या मैदानाशेजारी बसची वाट बघायची, आणि तिथं सरांची दुसरी शाळा भरायची. नवी गाडी आधी देवीच्या दारी आणायची आपल्याकडं रीत आहे. त्यात एखादी बसकी, लांबलचक, चार दारांची आलिशान स्पोर्ट्स कार दिसली की सर आपली पिशवी माझ्या हातात देऊन तिच्याभोवती फिरायला लागत. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, तोंडावर झेंडूचा भलामोठा हार. "हार घातल्यावर कुणीबी देखणंच दिसतंय," म्हणत ते मागच्या बाजूला जात. असल्या गाडीची परीक्षा मागच्या दारापाशी होते, हे त्यांचं ठाम मत. वेगाची गाडी दिसायची तर छप्पर मागं उतरत जायला हवं, आणि मागं बसणाऱ्याला तर डोकं ताठ ठेवून बसायचं असतं. या भांडणात मागचं दार चेंगरतं. ते न चेंगरता ज्यानं बसवलं, त्याला सर मनापासून मानत. सोलापूरकडच्या एका मालकानं एकदा हौसेनं विचारलं, कशी वाटली गाडी? पुढनं वाघ हाय, पण मागनं सुटकेस, असं सरांनी सांगून टाकलं. मालकाचा चेहरा बघून मी त्यांना अक्षरशः ओढत बसमध्ये चढवलं. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, आजही कळत नाही. दिवसभर उभं राहून पाय दुखत असताना पत्र्याच्या एका घडीपायी हा माणूस बस सोडायचा, याचा मला राग यायचा.

वर्गात मात्र ते कुणावर रागावत नसत. घरून काढून आणलेल्या चित्रात थोरल्या भावाची किंवा बापाची एक जरी रेघ दिसली, तरी मार्क न देता कागद परत करत. वाकडं असू दे, पण तुझं असू दे, एवढंच म्हणत. त्यांचा मुलगा सलीमही यातून सुटला नव्हता. हाच सलीम पुढं शिकून पुण्याला एका मोटार कंपनीत लागला. काम काय, तर गाड्यांचं बाहेरचं रूप घडवायचं. सरांनी अख्ख्या शाळेला पेढे वाटले होते.

गेल्या हिवाळ्यात सलीम गाडी घेऊन घरी आला. कंपनीची, चार दारांची, त्याच्या टीमनं घडवलेली. मी त्या दिवशी तिथंच होते. सरांचा दम्याचा त्रास फार वाढलेला, अंगणात खुर्ची टाकून बसत. ते उठले, सावकाश गाडीभोवती एक फेरी मारली, मागं जरा गाडीला हात टेकून उभे राहिले आणि परत खुर्चीत येऊन बसले. सलीमची नजर सगळा वेळ बापाच्या तोंडाकडं. "दमला असशील, चहा घे," एवढंच सर म्हणाले. सलीम चहा घेऊन संध्याकाळीच परत निघून गेला. मला राहवलं नाही. पोरगं एवढ्या लांबून दाखवायला आलं, तुम्ही दोन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं, असं मी सरांना चांगलंच सुनावलं. तेव्हा ते म्हणाले,

"बाई, त्या गाडीला धा जणांचा हात लागलाय. त्यात ह्याचा कुठला, ते मला कळंना. उगं चांगलं म्हणलो अन् ते दुसऱ्याचं निघालं तर? पोरगं जलमभर मनाला लावून घील."

मग त्यालाच विचारायचं, मी म्हटलं. पुढच्या खेपेला विचारतो म्हणाले. पुढच्या खेपेला सलीम आला तो मातीलाच.

सरांच्या चाळिसाव्या दिवशी तो तीच गाडी घेऊन आला होता. सरांच्या बायकोला, भाभींना भेटून, दोन घास खाऊन घरी जाऊन पडावं, एवढंच माझ्या मनात होतं. पण सरांचं ते बोलणं माझ्या पोटात राहीना. सलीमला बाजूला घेऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, आवडली न्हाय म्हणून गप बसले." मला फार वाईट वाटलं. एकाच घरातली दोन शहाणी माणसं, एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली आणि वेळ निघून गेली.

तो मला गाडीपाशी घेऊन गेला. मागच्या दाराच्या वर, छप्पर खाली वळतं तिथं त्यानं तळहात ठेवला. "एवढंच माझं हाय, बाई. बाकीचं सगळं मीटिंगांत बदललं." मग म्हणाला, "अब्बा त्या दिवशी हितंच हात ठिवून उभे राहिले होते. मला वाटलं, दम लागलाय म्हणून टेकलेत."

मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं. दम लागला होता हे खरंच. पण खुर्ची तर जवळच होती.