याकोबमामांचा रुमाल

मोटारसायकलवरून पडल्यानंतर सातव्या दिवशी सकाळी याकोब साळवे यांचे श्रीरामपूरच्या एका रुग्णालयात निधन झाले. वय सदुसष्ट. नगरजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचना विभागात ते तीस वर्षे शिपाई होते. दान आलेले देह टेबलावर मांडणे, कवट्या धुऊन पुसून ठेवणे हे त्यांचे काम. विद्यार्थी त्यांना मामा म्हणत. देहदानावर बातमी करायला गेलो, तेव्हापासून मीही.

नव्या विद्यार्थ्यांना ते कुणी न सांगता शिकवत. "पुस्तकात काय बघतो? कवटीला हात लाव, चावत न्हाई ती." मग नारळ पुढे येई. "करवंटी म्हंजे कवटी. पन नारळात पानी मधी असतं. हितं मेंदूच पान्यात तरंगतो, तीन पांघरुनं घेऊन. वरचं जाड, मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं, खालचं मेंदूला चिकटल्यालं." शेवटी कवटीचे झाकण काढून नाकावरचे चाळणीसारखे हाड दाखवत. "हितं फुटलं की ते पानी नाकातनं गळतं. सर्दी म्हनून घरी धाडू नका, लेकरांनो."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या देहदानाचा अर्ज भरला. "तीस वर्षं दुसऱ्याची मानसं मांडली. आता माजी पाळी." पत्नी शांताबाईंनी कबरस्तानात सासऱ्यांशेजारची जागा पाहून ठेवली होती. अर्जावर नातेवाईक म्हणून त्यांनी सही केली ती दोन वर्षांनी.

पडल्याच्या तिसऱ्या दिवशी मी सहज घरी गेलो. मामा नाकाला रुमाल लावून पडले होते. "सर्दी झालीय, भाऊ," शांताबाई म्हणाल्या. "दुसऱ्याला लई शिकवत्यात, सोता वाफ घेत न्हाईत." त्या चहा करायला आत गेल्यावर मी रुमाल पाहिला. मध्ये रक्ताचा डाग, भोवती फिकट ओले कडे. मेंदूभोवतीचे पाणी गळते आहे, हा त्या कड्याचा अर्थ मला मामांनीच एकदा सांगितला होता.

"मामा, कुठं पडलात?"

"हळू बोल. गाडी घसरली, नेवाशाच्या रस्त्याला. दवाखान्यात गेलो की अपघाताची नोंद. मेलो तर पोस्टमार्टेम. तसला देह कालेजात घेत न्हाईत."

"पण मरायचं कशाला?"

"म्हनून तर गप पडून हाय. लई जनांचं आठ दिवसांत आपोआप बुजतं. तू बातम्या देतो, ही देऊ नको."

मी दिली नाही.

सहाव्या दिवशी ताप चढला. मान वळेना. दुपारपर्यंत ते शांताबाईंना ओळखेनासे झाले. रुग्णालयात पाठीतून काढलेले पाणी गढूळ निघाले. मेंदूच्या आवरणांना संसर्ग झाला होता. डोक्याला मार लागला होता का, असे डॉक्टरांनी विचारले.

"न्हाई. सर्दी हुती," शांताबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "गाडीवरून पडले होते."

डॉक्टरांनी तशी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गेले, दुपारी शवविच्छेदन झाले. महाविद्यालयाने देह घेतला नाही. फोन ठेवून शांताबाईंनी मला विचारले, "तुमाला कवा कळलं हुतं?"

"तिसऱ्या दिवशी."

दफन त्याच संध्याकाळी पाच वाजता, सासऱ्यांशेजारच्या जागेत झाले.