दोन खरखरी म्हणजे हो

आमची सिग्नलची तुकडी मेळघाटात पाठवली गेली तेव्हा ऐन पावसाळा होता. रस्ता जागोजागी खचला होता, आतल्या गावांत तापाची साथ होती आणि आजाऱ्यांना कसंबसं सेमाडोहपर्यंत आणून ठेवलं होतं. जिल्हा प्रशासनाने फौज मागितली. काम सोपं वाटत होतं. डॉक्टर आणि औषधांचा ट्रक परतवाड्याहून घाटाने वर न्यायचा. पुढे एक मोटारसायकल रस्ता बघत जाईल, मागे जीपमध्ये कॅप्टन राणे आणि मी, त्यामागे ट्रक. मी तेव्हा हवालदार होतो. गाव मूर्तिजापूरजवळ, अकोला जिल्हा. त्या वर्षांत आमच्याकडे कापसाचं नाव काढलं की माणसं विषय बदलायची. शेतीत राम उरला नव्हता, म्हणून आमची पोरं भरतीच्या रांगेत उभी राहायची. मीही तसाच फौजेत आलेला.

आता रिटायर होऊन अमरावतीत रेडिओ आणि सेट दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. कॉलेजची मुलं हेल्मेटमधले इंटरकॉम घेऊन येतात. चिखलदऱ्याला जाताना गप्पा मारायच्या असतात त्यांना. "काका, हवेचा आवाज लय येते, साफ करून द्या." देतो करून. पण बोलायचं बटण मी हँडलवर बसवत नाही, हेल्मेटलाच बसवतो. हट्ट धरणाऱ्याला दुसरं दुकान दाखवतो. "कावून?" म्हणजे का, असं विचारणाऱ्याला मात्र बसायला स्टूल देतो आणि सलीमचं सांगतो.

सलीम, हुद्द्याने नाईक, आमचा मोटारसायकलस्वार. परतवाड्याचाच पोरगा. वडिलांचं तिथे सीट कव्हरचं दुकान. सलीमच्या जिभेला हाड नव्हतं. कॅप्टन साहेब पुण्याचे, त्यांना आमची बोली ऐकली की वाटायचं आम्ही भांडतोय. सलीम मुद्दाम त्यांच्यासमोर जोरात बोलायचा.

मुक्काम परतवाड्याच्या एका शाळेत होता. पहिल्याच दिवशी ट्रायल घेतली आणि नाकी नऊ आले. सलीमच्या हेल्मेटमध्ये माइक होता, कमरेला सेट. माइक आवाज झाला की आपोआप उघडायचा. माणूस गप्प असला तरी वारा कुठे गप्प बसतो? गाडीने जरा वेग घेतला की माइक उघडायचा तो मिटायचाच नाही. सगळं नेट, म्हणजे आमची सगळ्यांची एकच रेडिओलाइन, अडून बसायचं, दुसऱ्या कुणाला बोलता येईना. त्यात बुलेटची धडधड, आणि स्पार्क प्लगची खरखर वेगळीच.

सलीम परत येऊन म्हणाला, "दादा, तुमच्या कानात मी बोलून राह्यलो होतो का पिठाची चक्की चालून राह्यली होती?"

"चक्की बरी. तिच्यातून पीठ तरी निघते."

आम्ही एकेक नको तो आवाज घालवायला बसलो. प्लगची टोपी बदलली, तशी स्पार्कची खरखर गेली. माइकची दांडी वाकवून ओठांच्या कोपऱ्याला लावली. वाऱ्यासाठी स्पंज हवा होता. तो सलीमच्या अब्बांनी दिला. त्यांना मी चाचा म्हणायचो. चाचांनी सीटमध्ये भरायच्या स्पंजचा तुकडा कापला, माइकवर बसवून पाहिला, पुन्हा कापला.

"फौजेले स्पंज नाई भेटत का?" चाचांनी विचारलं.

"भेटते, पण अर्ज करा लागते," सलीम म्हणाला. "तवरी पावसाळा जाते."

शेवटी आपोआप उघडणारा माइक बंद केला आणि बटण लावलं. दाबलं तरच सेट बोलणार. बटण कुठे, तर हँडलवर, डाव्या अंगठ्याखाली. घाटात हात सोडायला नको म्हणून सलीमलाच ते तिथे हवं होतं. बटणाची आणि माइकची वायर एकत्र, कानातल्या स्पीकरची वेगळी. त्यानंतर त्याचा आवाज असा साफ आला की कॅप्टन साहेब म्हणाले, "शेजारी बसून बोलतोय जणू." आम्हाला फार बरं वाटलं. चाचांनी चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. पाऊस पडतच होता. सेमाडोहहून निरोप आला होता की दोन लेकरांची अवस्था वाईट आहे, उशीर करू नका. सलीम पुढे दिसेनासा झाला, पण सेटवर आवाज होता. नेटवर तो अल्फा, मी कंट्रोल.

"कंट्रोल, अल्फा. वळण क्लिअर. दगड हायत, ट्रक निघते. ओव्हर."

"अल्फा, पुढे?"

"म्होरं नाल्यावरचा रपटा दिसून राह्यला. पाणी वरून नाई. जवळ जाऊन पाह्यतो. ओव्हर."

त्यानंतर काही नाही. मी दोनदा हाक मारली. उत्तर नाही.

"डोंगराआड गेला असेल," कॅप्टन साहेब म्हणाले. घाटात तसं होतंच. "रपट्यावर पाणी नाही म्हणालाय. चला, थांबू नका."

तेवढ्यात कानात खरखर आली. थांबली. परत आली.

"साहेब, हे काहीतरी वेगळं आहे."

"स्पार्कचा आवाज आहे, हवालदार. आपल्याच गाडीचा."

स्पार्कची खरखर इंजिनाच्या तालावर येते. याला ताल नव्हता. ते आवाज घालवण्यात मी दिवस काढला होता, एकेकाला ओळखत होतो. मी ड्रायव्हरचा खांदा धरला आणि म्हणालो, गाडी थांबव, इंजिन बंद कर. साहेब शेजारी असताना हवालदाराने असं करायचं नसतं. साहेबांचा चेहरा लाल झाला. जीप थांबली, मागे ट्रक थांबला. इंजिन बंद होतं, तरी कानात खरखर आली.

मी हँडसेट तोंडाशी धरला. नियमाची भाषा आठवलीच नाही.

"सलीम, आयकून राह्यला असशीन तर दोनदा कर."

दोनदा खरखर आली.

साहेबांनी सेटचा दुसरा इअरफोन ओढून आपल्या कानाला लावला.

"पडला का? लागलं का तुले? हो असंन तर दोनदा, नाई असंन तर एकदा."

दोनदा.

"रस्ता हाय का म्होरं? ट्रक येते का?"

एकदा. मग जरा वेळाने, मी न विचारता, परत एकदा.

"ट्रक जागेवर," साहेब ओरडले. "डॉक्टर, पायी चला."

आम्ही पावसात धावत सुटलो. सेट माझ्या पाठीवर होता. साहेब म्हणाले, बोलत राहा त्याच्याशी. मी बोलत राहिलो. "आमी थांबलो, सलीम. ट्रक थांबला. गाडी येत नाई आता. तुझ्याजवळच येऊन राह्यलो. समजलं का?"

दोनदा आली. अगदी हळू, दोन्हींमध्ये मोठं अंतर ठेवून.

मी आणखी काय काय बोललो ते आठवत नाही. चाचांच्या दुकानाचं बोललो, परत गेल्यावर चहा प्यायचं बोललो. उत्तर आलं नाही. मग एक खरखर सुरू झाली ती थांबेचना. सलग. वळण पार करेपर्यंत ती कानात होती.

वळणापलीकडे रपटा, नाल्यावरचा तो बसका पूल, वरून धड दिसत होता. खालची माती पाण्याने नेली होती. मोटारसायकलच्या वजनाने अर्धा रपटा नाल्यात गेला होता. ट्रक त्या वळणावरून वेगात आला असता तर ब्रेक लावायला जागा नव्हती. डॉक्टर, दोन नर्स, ड्रायव्हर, सगळे आत असते.

गाडी खाली दगडांत अडकली होती. सलीम तिच्यापासून दूर फेकला गेला होता, कंबरेखालच्या अंगावर दगड पडलेला. माइकची दांडी मोडली होती. बटणाची वायर हँडलपासून तुटून त्याच्याबरोबर आली होती. तिच्या दोन उघड्या तारा त्याने अंगठा आणि बोटात धरल्या होत्या. त्या एकमेकींना टेकवल्या की सेट लागायचा. आवाज जायचा नाही, नुसती खरखर जायची. बटण हँडलवर राहिलं होतं आणि बोलायचं काम त्याने बोटांनी केलं.

डॉक्टरांनी मानेला हात लावला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

तारा अजून टेकलेल्याच होत्या. नेट अडलेलं होतं. साहेबांना ट्रकमधल्या सेटवर सांगून दोर मागवायचा होता आणि बोलता येत नव्हतं. म्हणून मी त्याची बोटं उघडली. एकेक करून. कानातला आवाज बंद झाला. इतकी शांतता मला आयुष्यात नको होती. मी तिथेच बसून रडलो, आणि साहेबांनी मला उठ म्हटलं नाही.

दोर बांधून डॉक्टर आणि औषधं पलीकडे नेली. पुढे सगळे पायी गेले. ती दोन्ही लेकरं वाचली.

सलीमला परतवाड्यात त्याच्या घरी आम्हीच नेलं. दफन झाल्यावर चाचा दुकानाच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसले.

"पोट्टा माहा काही बोलला का?"

"माइक तुटला होता, चाचा. हो आन् नाई, इतकंच सांगू शकला."

"आखरी काय इचारलं तुमी त्याले?"

"आमी थांबलो, तुझ्याजवळच येऊन राह्यलो, समजलं का, असं इचारलं."

"मंग?"

"हो म्हणला."

चाचांनी तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "अजून एकदा सांगा."

मी सांगितलं. दर पावसाळ्यात मी परतवाड्याला जातो. चाचा आता थकले आहेत, दुकान बंद असतं. चहा येतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं, आणि उठायच्या आधी ते विचारतात, आखरी काय म्हणला सलीम? मी म्हणतो, हो म्हणला.