माझी आई मुकी नव्हती

"मले येते, सर."

उंद्री या माझ्या खेड्यातून चिखलीच्या शाळेत जायचो. तिथे आठवीच्या वर्गात, हात वर करून मी एवढंच म्हणालो. गणित मला खरंच येत होतं. सर पुण्याकडचे, नवीन आलेले. त्यांनी मला बाकावर उभं केलं. "पुन्हा बोल. सगळ्यांना ऐकू दे." मी पुन्हा बोललो. वकिलाचा मुलगा पोट धरून हसला. "उंद्रीचं ढोर माणसांत आलंय," सर म्हणाले. गणित फळ्यावर तसंच राहिलं.

त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. रेडिओवरच्या बातम्या ऐकत, एकेक शब्द. पुढे मास्तर झालो, आणि माझ्याही वर्गात पोरं बाकावर उभी राहिली. तेही लिहून ठेवतो.

पण खरा गुन्हा घरातला.

लेकीला बघायला पुण्याचे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी मी आईला म्हणालो, "उद्या तू बोलू नकोस."

"काऊन रे? माह्या बोलण्याची लाज वाटते का तुले?"

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "पोरीचं भलं होत असन तं नाई बोलत मी."

पाहुण्यांनी आईला गाव विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडून निघून गेलं, "आईला बोलता येत नाही."

लग्न जमलं. आणि आई अडकली. व्याही आले की मुकी. पुण्याला नातवाच्या बारशाला गेलो तेव्हा चार दिवस मुकी. परतीच्या एसटीत बसली आणि चिखलीपर्यंत बोलत राहिली. थांबेचना. लोक वळून बघत होते, म्हणून मी तिला तिथेही गप्प केलं.

शेवटी ती दवाखान्यात होती. विहीणबाई उशाशी बसलेल्या. आईचे ओठ हलले. तिने माझ्याकडे पाहिलं, बोलू का म्हणून. मी खिडकीकडे पाहिलं. तिने पाणी खुणेनं मागितलं. संध्याकाळी गेली.

आता लेकीचा नातू अडीच वर्षांचा आहे. अजून बोलत नाही. तिच्या सुनेने डॉक्टरांना सांगितलं, घराण्यात एक बाई मुकी होती. डॉक्टरांनी ते फाइलमध्ये लिहिलं.

मी लेकीला फोन केला. म्हणालो, खरं सांगून टाकू.

"बाबा, प्लीज. इतकी वर्षं मीही गप्प राहिले. आता काय तोंड दाखवू?"

तिचंही बरोबर आहे. जी भाषा लपवायला मी तिला शिकवलं, ती आता तिला येतही नाही. तिच्या घरात आईचा एक शब्द उरलेला नाही. उरलंय ते फक्त माझं खोटं. तेच पणतूच्या फाइलमध्ये जाऊन बसलंय.

रविवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. लेक दार उघडेल की नाही, माहीत नाही. नाही उघडलं तर दवाखान्याचा पत्ता खिशात आहे. ती ओळ खोडून घेतल्याशिवाय मी परतणार नाही. आणि सांगेन ते घासलेल्या जिभेनं नाही. व्याही, लेकीची सून, डॉक्टर, सगळ्यांसमोर, आठवीत बाकावर उभा होतो त्याच बोलीत सांगेन:

माही माय मुकी नव्हती. मी तिले बोलू देल्लं नाई.