कलेजी मागणारी देवी

मुलांनो, आमच्या जऊळक्याला मालेगावहून टांग्याने येणारे डॉक्टर सगळ्यांना हसवायचे, पण स्वतः कधी हसायचे नाहीत. रोग्याची जीभ बघताना आपलीही बाहेर काढायचे.

शेजारच्या गंगूच्या पायांना मुंग्या येत. चप्पल निसटली तरी तिला कळत नसे. चेहरा पांढराफटक, जीभ मात्र लालभडक आणि गुळगुळीत. आता याला जीवनसत्त्वाची कमतरता म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "रक्त कमी हाय, नसा सुकून राह्यल्या. उशीर केला तं पाय जातीन." औषध एकच, बकऱ्याची कलेजी.

गंगूच्या सासूने घरात कधी अंडंसुद्धा येऊ दिलं नव्हतं. "आमच्या चुलीवर? नाही जमत, बाप्पा."

नसांची खात्री करायला डॉक्टरांनी गंगूला पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. डोळे मिटताच तिला पायाखालची जमीन कळेना, ती डुलू लागली. ओसरीवरच्या बायकांना वाटलं, हिच्या अंगात देवी आली. सगळ्यांनी हात जोडले. सासू कुंकू घेऊन धावली. "माय, काय पाह्यजे तुले?"

गंगूला मागून सावरत डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "कलेजी. रोज. जास्त शिजवू नका."

मी पदर तोंडात कोंबला. सासूने त्याच दिवशी कलेजी शिजवली.

काही महिन्यांनी गंगू विहिरीवरून भरली घागर आणू लागली. डॉक्टरांनी तिला पुन्हा डोळे मिटायला लावले. ती खांबासारखी उभी राहिली. सासूचा चेहरा पडला.

"डाक्टर, देवी काहून येऊन नाही राह्यली?"

"पोट भरलं तिचं, आजी," म्हणत त्यांनी टांग्यात पाय ठेवला.