पायरीवरचा हात

लवू म्हणजे संशयाचं गाठोडं. दुकानातून साखर आणली तरी पुडी सोडून बोट घालून बघणार. पण जनावरांच्या बाबतीत सगळ्या गावाचा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास. बैलाचं पोट फुगो, गाय अडो, लवूच्या हाताला गुण होता. तरुणपणी तो घाटावर एका सरदाराच्या पागेत घोडे सांभाळायला होता, एवढंच लोकांना ठाऊक. साठीच्या माणसापाशी दुसरं होतं तरी काय? तेवढा तो मान.

चौऱ्याऐंशी सालच्या जत्रेत समुद्रकाठच्या पुळणीवर घोडागाड्यांची शर्यत ठरली. घाटावरचा एक गाडीवान पांढरी घोडी घेऊन आला. शर्यती हाच त्याचा धंदा. घोडी अशी सुटली की लोक शिट्ट्या मारमारून दमले. लवू मात्र जागचा हलला नाही. ही धावत नाही, ही पळून जातेय, त्याला वाटलं. शर्यत संपताच तो सरळ तिच्याकडे गेला, छातीच्या पट्ट्याखाली बोटं सारली आणि खिळे मारलेली चामड्याची पट्टी ओढून काढली. रक्ताने माखलेली.

लोक खवळले. चारसहा जणांनी गाडीवानाची गचांडी धरली. गडी भलताच बेरकी. म्हणाला, "मला काय ठावं? सकाळी ह्या म्हाताऱ्यानंच घोडीला चोळलं. इचारा त्येला."

चोळलं होतं खरं. लोकांचे हात सैल पडले आणि नजरा लवूकडे वळल्या.

गावचा मानकरी गणपत म्हणाला, "लवू, इतक्या माणसांत खिळे तुकाच कसे गावले रे? हात खंय घालूचो, ता तुका कोणी सांगल्यान?"

मग गावाच्या रीतीप्रमाणे दोघांना रवळनाथाच्या देवळापाशी नेलं. पायरीवर हात ठेवायचा आणि गणपत सांगेल ते बोलायचं. पायरीवर खोटं बोलेल त्याचं वाटोळं होतं, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. शब्द पूर्वापार ठरलेले: ह्या पाप मी जन्मात करूक नाय.

गाडीवानाने धडाधडा म्हणून टाकलं. त्याला काय, त्याचा देव घाटापलीकडे. पण हे एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. "सुटलो तो," लोक म्हणाले.

लवूने हात ठेवला. 'जन्मात'पाशी त्याची जीभ अडली. बायको मथुरा समोरच उभी होती, तिच्याकडे त्याला बघवेना. एवढं म्हटलं की मान राहत होता. त्याने हात उचलला.

"हिका मी लावूक नाय," तो म्हणाला. "पण पागेत असताना लावलेलंय. तीन घोड्यांक. धनी सांगी, मी लावी. म्हणान माका खंय बघूचा ता म्हायत."

गाडीवान घोडी घेऊन त्याच संध्याकाळी निघून गेला, पुढच्या जत्रेला. कुणी अडवलं नाही. लवूला याचीच चीड आली.

पंधरा दिवस त्याच्या दारी एकही जनावर आलं नाही. सोळाव्या दिवशी गावातला बाबली लंगडती गाय घेऊन आला. इलाज करणारं दुसरं होतं कोण? पूर्वी तो दावं लवूच्या हाती देऊन खुशाल विडी ओढत बसायचा. आज त्याने दावं सोडलं नाही, आणि लवूच्या बोटांवरची नजरही काढली नाही.

"बघ," लवू खाली मान घालून म्हणाला. "नीट बघ. तेव्हा पागेत माझ्या हाताकडे कोणी बघूकच नाय."